सोपा, मध्यम, कठीण: ट्रेकची कुठली श्रेणी कशासाठी धरायची

पावसाळा लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर ट्रेकची पोस्टरं फिरू लागतात. तारीख, वर्गणी, नाश्त्याला काय, आणि खाली कोपऱ्यात 'श्रेणी : सोपी ते मध्यम'. ज्याला आईला किंवा आठ-दहा वर्षांच्या पोराला सोबत न्यायचंय, तो नेमका या कोपऱ्यावर भरवसा ठेवून पैसे भरतो. पण त्या श्रेणीत दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवलेले असतात. दम किती लागेल, हा एक. पाय सटकला तर काय होईल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर चुकलं तर दोन दिवस पिंढऱ्या दुखतात. दुसऱ्याचं चुकलं तर दवाखाना. जगभर वापरात असलेल्या पट्ट्यांपैकी बहुतेक यांतल्या एकाच प्रश्नाचं उत्तर नीट देतात.

दम मोजणारी पट्टी

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानाची पद्धत सरळ आकडेमोडीची आहे. एकूण चढ फुटांत घ्यायचा, त्याची दुप्पट करायची, एकूण अंतराच्या मैलांनी गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर 50 च्या आत आलं तर सगळ्यांत सोपा, 50 ते 100 मध्यम, त्यापुढं 150 आणि 200 वर आणखी टप्पे, 200 च्या वर गेला तर अतिशय दमवणारा.

हिशेब करून बघू. जाऊन-येऊन 6 किलोमीटर आणि 300 मीटर चढ असलेली टेकडी धरली तर उत्तर साधारण 86 येतं. आता 20 किलोमीटरची लांबलचक, जवळपास सपाट वाट घ्या, चढ सगळा मिळून 100 मीटर. उत्तर 90. दोन्ही 'मध्यम'. पण पहिली सकाळी उरकून दुपारी घरी जेवायला येता येईल अशी, आणि दुसरीत अख्खा दिवस जातो. सूत्र खोटं बोलत नाही, पण दोन्ही गोष्टी एका आकड्यात कोंबल्यावर त्यातून हे कळत नाही, एवढंच.

म्हणून या सूत्राशेजारी नेस्मिथचा जुना नियम ठेवावा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये मांडलेला हा हिशेब आजच्या मापात असा होतो: दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. वरच्या टेकडीला पावणेदोन तासांच्या आतबाहेर, सपाट वाटेला चार तासांच्या वर. यात बसणं, पाणी पिणं, फोटो काढणं काही धरलेलं नाही, आणि हा हिशेब सवयीच्या पायांचा आहे. घरची मंडळी बरोबर असतील तर मी सरळ दुप्पट वेळ धरतो. ज्याला उजेडात परत यायचंय त्याला श्रेणीच्या नावापेक्षा हा तासांचा आकडा जास्त कामाचा.

पाय कुठं पडतो, ते सांगणारी पट्टी

स्विस आल्पाइन क्लबनं 2002 मध्ये टी-1 ते टी-6 अशी श्रेणी आणली. तिला किलोमीटरशी फारसं देणंघेणं नाही. टी-1 म्हणजे ट्रेकचे खास बूट नसले तरी चालेल अशी मळलेली वाट. टी-3 वर तोल सांभाळायला हात लागू शकतात, टी-4 वर हात लावल्याशिवाय काही ठिकाणी पुढं सरकताच येत नाही. अमेरिकेतली योसेमिटी पद्धत याच जातीची. सिएरा क्लबनं 1930 च्या दशकात बसवलेली. पहिला वर्ग चालण्याचा, तिसरा हातपाय दोन्ही लावून चढण्याचा, पाचवा दोराचा. आपल्याकडचे ट्रेकर ज्याला 'दृष्टिभय' म्हणतात, म्हणजे शेजारची दरी बघून पाय लटपटणं, त्याची दखल घेणाऱ्या पट्ट्या या.

आता शेनान्डोआचं सूत्र आणि ही स्विस पट्टी एकाच वाटेला लावा. समजा किल्ला छोटा आहे, जाऊन-येऊन 3 किलोमीटर, चढ 250 मीटर, पण शेवटी दोन पुरुष उंचीचा कातळटप्पा. सूत्राचं उत्तर 55, म्हणजे मध्यमाच्या उंबरठ्यावर. स्विस पट्टीवर तीच वाट टी-4 च्या घरात जाते. पोरांना नेणाऱ्यानं इथं सूत्राकडं बघूच नये. उलट, गुडघ्यांची तक्रार असणाऱ्या पण न घाबरणाऱ्या माणसाला टी-1 चा शिक्का फसवू शकतो, कारण टी-1 ची वाट 25 किलोमीटरचीही असते.

स्विस श्रेणीत एक अट आहे, ती मात्र आपल्या भागात फार महत्त्वाची. ती धरते कोरडी वाट, चांगली हवा, समोरचं स्वच्छ दिसतंय असा दिवस. आपल्याकडं ट्रेकची झुंबड उडते जुलै-ऑगस्टमध्ये! खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला पाऊस बेळगाव शहरापेक्षा कितीतरी जास्त. जांभ्यावर शेवाळ धरतं, ओढे तासाभरात चढतात, धुक्यात दहा पावलांपुढचा माणूस दिसत नाही, जळवा तर विचारूच नका. जानेवारीत गप्पा मारत ज्या वाटेनं उतरलात, तीच जुलैत बसून उतरावी लागते. म्हणून पावसाळ्यात कुठल्याही छापील श्रेणीत मी एक पायरी वाढवतो, आणि वाटेत ओढा ओलांडायचा असेल तर दोन.

वाट सापडेल का?

ऑस्ट्रेलियाची पाच इयत्तांची पद्धत मला या सगळ्यांत शहाणी वाटते, कारण ती अंतर आणि चढाबरोबर पायऱ्या, वाटेवरच्या पाट्या आणि चालणाऱ्याचा अनुभव हेही विचारते. पहिल्या इयत्तेची वाट मदतीनं व्हीलचेअरवालाही करू शकतो. चौथीत पाट्या तुरळक असतात आणि अनुभव असलेला बरा असं सांगितलेलं असतं. पाटीचा हा निकष लावला तर आपल्याकडच्या रानातल्या कितीतरी 'सोप्या' वाटा थेट चौथीत जाऊन बसतील. चढ काही नाही, दृष्टिभय नाही, पण ढोरवाटांचं असं जाळं की नवख्यानं तिसऱ्या फाट्यावर चुकावंच. आणि गावात विचारलं तर उत्तर एकच: "हे काय, इथंच हाय की." गवळीवाड्यावरचा म्हातारा रोज तेवढं चालतो, त्याच्या 'इथंच'मध्ये एखादा डोंगर सहज मावतो. फोनमधल्या अॅपवरची श्रेणी तर कोण्या अनोळखी माणसाच्या पायांवर ठरलेली असते. तिथला मार्गाचा नकाशा घ्यावा, मत सोडून द्यावं.

मराठीतली 'सोपी' कुणाच्या मापानं?

किल्ल्यांबद्दल मराठीत लिहिताना सोपी, मध्यम, कठीण अशी श्रेणी द्यायची पद्धत रूढ आहे, आणि तिचं माप उत्तरेच्या सह्याद्रीवर बेतलेलं आहे. कठीणच्या टोकाला अलंग-मदन-कुलंग बसवले की आपल्या सीमाभागातलं आणि शेजारच्या चंदगड तालुक्यातलं जवळपास सगळं आपोआप सोप्यात जमा होतं. नाशिककडं पाय घडलेल्या माणसाला ते बरोबरच वाटेल. पण आपल्याला इथल्याच चारपाच जागांतली एक निवडायची असते, आणि तिथं हा शिक्का काहीच सांगत नाही.

येळ्ळूरचा राजहंसगड घ्या. गाडी वरपर्यंत जाते, वर तटबंदी आणि 2023 पासून शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा. गुडघेदुखी असलेल्या आजींनाही नेता येतं. महिपाळगडावर गावच वसलेलं आहे, त्यामुळं गाडीरस्ता आहेच. पण पायथ्याच्या देवरवाडीतलं वैजनाथाचं देऊळ बघून तिथून चालत चढलं तर पोरांची पहिली खरी चढण म्हणून मला याहून चांगली जागा सुचत नाही: कुणी दमलंच तर गाडीनं खाली आणता येतं. पारगडाला पायऱ्या आहेत आणि रस्ताही, फक्त बेळगावहून प्रवास लांबचा. कलानिधीगड वेगळा. कलिवडे गावातून रानातली चढण, सावली भरपूर, पावसात निसरडी. तोही सोप्यातच मोडतो, पण राजहंसगडाची 'सोपी' आणि ही 'सोपी' यांत निम्म्या दिवसाचा फरक आहे. नवख्यांनी इथं दिवाळीनंतर जावं.

भीमगडच्या रानाला यांतली कुठलीच पट्टी लागू नाही. 2011 मध्ये अभयारण्य झालं, अस्वलं आणि गवे आहेत, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. तिथं पहिला प्रश्न श्रेणीचा नसून परवानगीचा. कॅसलरॉकहून रुळांवरून दूधसागर गाठायचा बेत तर चर्चेतसुद्धा आणू नका. चढ नाही म्हणून तो पोस्टरवर 'सोपा' दिसतो, पण रुळांवरून चालायला रेल्वेची मनाई आहे आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते.

तेव्हा पोस्टर आलं की श्रेणी वाचून झाल्यावर आयोजकांना फोन लावा. एकूण चढ किती मीटर? हात कुठं लावावे लागतात, आणि तिथं दोर असतो का? वाटेत ओढा आहे का, असल्यास पाणी वाढलं तर दुसरी वाट कुठली? परवानगी काढली आहे का? नेहमी नेणारा माणूस याची उत्तरं न थांबता देतो. "काही नाही हो, सोपाय, या तुम्ही" एवढंच ऐकू आलं, तर त्या रविवारी वैजनाथ-महिपाळगड करा.