अपूर्णांकांचा लाइन प्लॉट : सात महिने वापरल्यानंतरचा अनुभव

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून मी शिकवणीतल्या पाचवी-सहावीच्या पोरांकडून लाइन प्लॉट करून घेतेय, आता जानेवारीतली आमच्या सोलापूरची गड्डा यात्रा पण झाली म्हणजे सात महिने झालेच, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांनी केला नाही त्यांच्यासाठी आधी सांगते, एक संख्यारेषा आखायची, तिच्यावर मापं लिहायची आणि त्या मापाच्या जेवढ्या वस्तू तेवढ्या फुल्या त्याच्या डोक्यावर एकावर एक मांडायच्या. बस एवढंच. रेषालेख वेगळा, त्यात बिंदू जोडतात, इथं काही जोडायचं नसतं. नावामुळे गोंधळ होतो, एका मुलीच्या आईनं घरी सगळ्या फुल्या जोडून पाठवल्या होत्या.

मूळ हा अमेरिकेतल्या शाळांत फार चालतो. तिथल्या २०१० च्या कॉमन कोअरमध्ये, म्हणजे कुठल्या इयत्तेला काय यायला हवं त्या आराखड्यात, तिसरीला अर्धा आणि पाव इंच, चौथीला १/८ पर्यंत, आणि पाचवीला त्याच फुल्यांवरून अपूर्णांकांची सगळी गणितं, अशी चढण आहे. मी पण त्याच क्रमानं गेले आणि ते बरोबरच ठरलं, एकदम १/८ वर उडी मारू नका.

माझा सगळ्यात आवडता धडा शेंगांचा. सोलापुरात शेंगा नाहीत असं घर नाही, चटणीसाठी आणलेल्यातल्याच वीस शेंगा घेतल्या आणि इंचाच्या पट्टीनं मोजायला लावल्या. आमच्या पूर्व भागातल्या पोरांच्या घरी कुणी ना कुणी टॉवेल-चादरीच्या शिलाईत, नाहीतर सुतारकामात, त्यामुळे 'सूत' हा शब्द त्यांच्या कानावरून गेलेला. एक सूत म्हणजे १/८ इंच, दोन सूत पाव, चार सूत अर्धा, सहा सूत पाऊण. हे सांगितलं आणि २/८ म्हणजेच १/४ हे मला वेगळं शिकवावंच लागलं नाही, दोन्ही फुल्या एकाच जागी पडतात हे पोरांनीच दाखवलं. घरी तेलुगू बोलणारी दोन पोरं सव्वा-पावणेला अडखळायची, ती सुतावर पटकन बोलायला लागली.

माप असं आलं : ७/८ ची एक शेंग, १ इंचाच्या तीन, १ १/८ च्या चार, १ १/४ च्या सहा, १ ३/८ च्या तीन, १ १/२ च्या दोन आणि १ ३/४ ची एक. आता इथं काय झालं, निम्म्या वर्गानं १ ५/८ लिहिलंच नाही. "बाई, त्या मापाची शेंगच नाहीये की." पण जागा सोडलीच पाहिजे, नाहीतर ती लांबडी शेंग बाकीच्यांच्या शेजारी येऊन बसते आणि ती एकटीच लांब पडलीय हे चित्रात दिसतच नाही. ही चूक सात महिन्यांत मी सगळ्यात जास्त वेळा बघितली.

दुसरी चूक वाचताना होते. सगळ्यात जास्त शेंगा कुठल्या मापाच्या विचारलं की उत्तर येतं "सहा". सहा ह्या फुल्या झाल्या, माप सव्वा इंच. आणि तिसरी, सगळ्या शेंगा ओळीनं लावल्या तर लांबी किती म्हटलं की पोरं खाली लिहिलेली मापं एकेकदाच मिळवतात, वरच्या फुल्या विसरूनच जातात. मग सुतात मांडायला लावलं, ७ + २४ + ३६ + ६० + ३३ + २४ + १४, झाले १९८ सूत, भागिले ८, पावणेपंचवीस इंच! मग खरंच फरशीवर शेंगा टोकाला टोक लावून मांडल्या, टेप धरला आणि आकडा सूतभर इकडेतिकडे जुळला, तेव्हा जो गलका झाला तो मला अजून आठवतो. सगळ्या सारख्याच लांबीच्या असत्या तर एक केवढी, तर १९८ भागिले २०, म्हणजे दहा सुतांना जरासंच कमी, जवळपास सव्वा इंच. अमेरिकेत पाचवीला हाच प्रश्न सारख्या भांड्यांतलं पाणी समान वाटून विचारतात, मला शेंगा बऱ्या वाटल्या कारण पोरांना हातात धरता येतात.

टेपचं मात्र सांगायलाच हवं. स्वस्तातला मऊ शिलाईचा टेप घेतला होता, तीन महिन्यांत ताणला. एका मुलानं घरून दहा टॉवेलांची मापं आणली, ती आमच्या टेपवर प्रत्येक वेळी दोन-तीन सूत कमीच भरायची, आम्हाला वाटलं पोरगं चुकलं, त्याला मी बोलले पण, आणि स्टीलच्या पट्टीशी लावून बघितला तेव्हा कळलं टेपच लांब झालाय. त्या पोराची मी वर्गासमोर माफी मागितली. तेव्हापासून लहान वस्तूंना स्टीलची पट्टी, मोठ्यांना फायबरग्लासचा टेप आणि महिन्यातून एकदा पट्टीशी ताडून बघणं.

कमी पडतं तिथं पण सांगते. तीस-चाळीसच्या वर मापं गेली की फुल्यांचा डोंगर होतो, मोजता मोजता डोळे दुखतात. मापं फार पसरलेली असली, म्हणजे पाच इंचापासून साठ इंचापर्यंत, तर सूत-सूत आखत बसण्यात अर्थ नाही, तिथं गट पाडून स्तंभालेखच बरा.

वही चौकटीचीच घ्या. साध्या वहीत फुल्या लहानमोठ्या येतात आणि तीन फुल्यांचा मनोरा चारपेक्षा उंच दिसतो. एका सुताला एक चौकट, एका फुलीला एक चौकट, रेषा पेनानं आणि फुल्या पेन्सिलीनं, कारण परत मोजल्यावर एखादी शेंग हमखास शेजारच्या सुतावर सरकते.