एका कार्डावर एकच चेहरा: ट्रेलो वापरून दोन वर्षं

नाशिकला मी इंटिरियरची कामं घेते. एका वेळी तीन-चार फ्लॅट चालू असतात आणि प्रत्येकात सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, पीओपीवाला, रंगारी. आधी सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालायचा. लॅमिनेटचा कोड शोधायला सुप्रभातचे गुलाब ओलांडत वर जावं लागायचं. वैतागून ट्रेलो हे कामांचा हिशेब ठेवायचं अ‍ॅप घेतलं.

शिकायला अर्धा तास पुरतो. एक फ्लॅट म्हणजे एक बोर्ड. त्यावर उभ्या याद्या: 'व्हायचंय', 'माल यायचाय', 'चालू', 'मी बघायचंय', 'झालं'. प्रत्येक कामाचं एक कार्ड, ते बोटाने उचलून पुढच्या यादीत सरकवायचं. कल्पना टोयोटाच्या कारखान्यातल्या कानबानची, ताइची ओनोंनी रुजवलेली: पुढच्याला लागेल तेव्हा आणि तेवढंच मागच्याने द्यायचं. अ‍ॅप २०११चं, न्यूयॉर्कच्या फॉग क्रीकने काढलेलं. २०१७मध्ये अ‍ॅटलासियनने साडेबेचाळीस कोटी डॉलरला विकत घेतलं.

'माल यायचाय' ही यादी मी नंतर घातली आणि तीच सगळ्यात कामाला आली. सुतार बिडी फुंकत बसलेला दिसला की आधी मी त्याच्यावर डाफरायचे. आता बोर्ड बघते. ड्रॉवरचे चॅनेल आलेलेच नसतात, तो बिचारा काय करणार?

पहिल्याच फ्लॅटला मात्र पोळले. 'बेसिनचा पॉइंट' असं कार्ड केलं आणि उत्साहात त्यावर तिघांना जोडलं: सुपरवायझर, प्लंबर आणि मी. कार्डाच्या कोपऱ्यात तीन गोल चेहरे, दिसायला किती छान! सुपरवायझरला वाटलं मॅडमनी प्लंबरला सांगितलंय, मला वाटलं सुपरवायझर बघतोय, आणि प्लंबर म्हणे, "कुणी बोलावलंच नाही." सोमवारी टाइलवाला आला आणि भिंत लावून मोकळा झाला. मग राहून गेलेल्या पॉइंटसाठी चार टाइल फोडल्या. त्याच शेडचा माल मिळेना, म्हणून जरा उजळ टाइल लावल्या आणि त्या झाकायला आरसा वीतभर खाली घेतला. घरमालकीणबाई अजून म्हणतात, "आरसा थोडा खाली नाही का वाटत?"

चूक अ‍ॅपची नाही, ते हवे तितके चेहरे लावू देतं. तेव्हापासून आमच्याकडे एका कार्डावर एकच चेहरा. बाकीच्यांना नुसतं लक्ष ठेवायचं असेल तर 'वॉच' आहे. कार्डातल्या चेकलिस्टमधल्या एकेका ओळीला वेगळा माणूस नेमायची सोय मात्र पैसे भरणाऱ्यांनाच, म्हणून आम्ही सरळ वेगळी कार्डं करतो. दुसरं म्हणजे, प्लंबिंगच्या आधी टाइलचं कार्ड 'चालू'मध्ये ओढलं तरी ट्रेलो हात धरत नाही. त्यासाठी लाल लेबल केलंय, त्यावर लिहिलंय 'थांबा'. मोठी इमारत बांधणाऱ्यांनी तारखांच्या पट्ट्या दाखवणारं दुसरं काहीतरी बघावं.

फुकटच्या योजनेत एका वर्कस्पेसला, म्हणजे एका टीमच्या सामायिक जागेला, दहा बोर्ड आणि दहा माणसं. मला पुरतं; काम संपलं की बोर्ड बंद करून टाकते.

आमचे सुतार मेस्त्री अजून अ‍ॅप उघडत नाहीत. "मॅडम, कार्ड सरकवू का कपाट लावू?" हा त्यांचा सवाल, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ते व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतात, संध्याकाळी सहाला सुपरवायझर ते कार्डांना जोडतो आणि कार्डं पुढे ढकलतो. त्यामुळे दुपारी बोर्ड बघितला तर तो कालचाच असतो, हे धरून चालायचं.

एक गंमतीची पॉवर-अप, म्हणजे वरून जोडायची जादा सोय, आहे: कार्ड एजिंग. बरेच दिवस कुणी हात न लावलेलं कार्ड फिकट होत जातं. त्यातला 'पायरेट' म्हणजे समुद्री चाच्यांचा प्रकार निवडला तर जुन्या नकाशासारखं पिवळं पडून फाटायला लागतं. गंगापूर रोडच्या फ्लॅटचं 'बाल्कनीची जाळी' हे कार्ड सध्या पार चिंध्या झालंय. त्यावर चेहरा माझा आहे. जाळीवाल्याला सकाळपासून तीनदा फोन केला, उचलत नाहीये.