टायरनं रिम खाल्ली : १/२५ ड्रॅगस्टर, सात महिन्यांनंतर

गणपतीत ही ड्रॅगस्टर (सरळ पट्टीवर शर्यत लावायच्या अमेरिकन गाडीचं, मूळच्या पंचविसाव्या हिश्शाचं प्लॅस्टिकचं मॉडेल) जोडून पूर्ण झाली तेव्हा पाचपैकी चार तारे देऊन मी मोकळा झालो होतो. परवा शोकेस पुसायला म्हणून ती उचलली, तर बुडाला चिकटलेलं सीडीचं कव्हर पण वर आलं. स्टँडवर पैसे कशाला घालवा म्हणून घरातलं जुनं कव्हर उलटं करून वापरलं होतं. जोर लावून सोडवलं, तर कव्हरवर मागच्या टायरच्या आकाराचे दोन खड्डे. टायर उपसून बघतो तर आतली रिम पावसाळ्यातल्या गुळासारखी चिकट, कड पार ओघळलेली.

किटमध्ये भाग किती, सूचनापत्र कसं, हे सांगत बसत नाही. जुन्या पद्धतीचा स्लिंगशॉट आहे : इंजिन पुढं आणि ड्रायव्हर मागच्या ॲक्सलच्याही मागं, बेचकीतल्या दगडासारखा. मी घेतला तो कुणीतरी आधीच जोडलेला, २,६०० रुपयांना. नवीन सीलबंद किटला लागणारे पैसे माझ्याच्यानं खर्च होत नाहीत. विकणाऱ्यानं 'थोडा गोंद जास्त आहे' एवढंच सांगितलं होतं. थोडा? मी फौंड्रीत पॅटर्न बनवणारा माणूस. साच्याचे दोन भाग जुळतात त्या पार्टिंग लाइनला बाहेर आलेला फ्लॅश तसाच, तो घासून काढायच्या फेटलिंगचा पत्ता नाही, आणि मागच्या दोन्ही रिम वितळलेल्या. त्या वितळलेल्या रिमवरून मी त्याला अकरा मेसेज टाकले. 'गोंदाच्या बाटलीत बुडवून काढल्या होत्या काय?' इथपर्यंत गेलो. शेवटी त्यानं वैतागून ४०० रुपये परत केले. या ४०० रुपयांकडं पुन्हा यायचं आहे.

मोडतोडीचा भाग सोपा गेला. गाडी दोन दिवस ब्रेक ऑईलमध्ये ठेवली, सगळा जुना रंग सालीसारखा सुटला, प्लॅस्टिकला काही झालं नाही. क्रोमचे भाग कपड्यांच्या ब्लीचमध्ये टाकले. प्लॅस्टिकवरचं क्रोम म्हणजे ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर, तो दुपारपर्यंत गायब. मंडळींनी मात्र धुण्याच्या दिवशी बाटली रिकामी बघून जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

इंजिनावर मी फिदा आहे, तिथं आजही पूर्ण तारे. क्रायस्लर कंपनीचं हेमी (अर्धगोल ज्वलनकक्षाचं) इंजिन, डोक्यावर ६-७१ ब्लोअर, म्हणजे हवा कोंबणारा पंप. हा ब्लोअर मुळात जीएमसी या ट्रक कंपनीच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच, म्हणून ६-७१. ट्रकच्या डिझेलमध्ये जुना धूर बाहेर ढकलून ताजी हवा भरायचं त्याचं काम. रेसवाल्यांनी तो काढून पेट्रोल आणि पुढं नायट्रोमिथेनवर चालणाऱ्या इंजिनावर बसवला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, ऑईल इंजिनं बघत वाढलेल्या माणसाला ही जुगाडबुद्धी परकी वाटत नाही. किटमध्ये स्पार्क प्लगच्या वायरी नव्हत्या. जुन्या इयरफोनची आतली तार ०.३ मिलिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे १/२५ला बरोबर मापाची. हेमीचा प्लग व्हॉल्व्ह कव्हरच्या मधोमध असतो, तिथं आठ भोकं पाडली आणि ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोपासून १-८-४-३-६-५-७-२ या सिलिंडर पेटण्याच्या क्रमानं वायरी ओढल्या. कुणी तपासणार नाही. तरी दोन रात्री घातल्या. एक्झॉस्टचे वर वळलेले आठ पाइप किटमध्ये भरीव होते. ते फेकून दोन मिलिमीटरची सोल्डरची तार वाकवली, तोंडं पिन-वाइसनं, म्हणजे हातानं फिरवायच्या बारीक ड्रिलनं, कोरली.

रंगाबद्दल थोडक्यात : जुलैत कोल्हापुरात लॅकर मारू नका. पंचगंगेचं पाणी आणि हवेतलं पाणी यांत तेव्हा फारसा फरक नसतो, रंग पांढुरका धरतो. मी मारला, घासला, ऑगस्टात ऊन पडल्यावर परत मारला. बॉडीच्या बाजूला ट्रकवर नावं घालतात त्या वळणाच्या अक्षरात 'बेचकी' लिहिलं, मागं सावलीची पिवळी रेघ. अमेरिकेतल्या गाड्यांवरही अशीच नावं असायची, त्यामुळं विजोड दिसत नाही.

लेक विचारत होती, असल्या गाड्या आता का नसतात. तिला डॉन गार्लिट्स या अमेरिकन ड्रॅग रेसरचं सांगितलं. ८ मार्च १९७०ला कॅलिफोर्नियात लाँग बीचजवळच्या लायन्स या शर्यतीच्या पट्टीवर सुटतानाच त्याच्या गाडीचं ट्रान्समिशन (इंजिनाचा जोर चाकांकडं नेणारी पेटी) फुटलं आणि उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. ट्रान्समिशन असतं ते ड्रायव्हरच्या दोन पायांच्या मधेच, तर होणार काय दुसरं? पुढच्या वर्षी तो इंजिन पाठीमागं असलेली गाडी घेऊन आला आणि जिंकायला लागला. बेचकीचे दिवस तिथून भरले. लेक म्हणाली, "मग तुम्ही इंजिन मागं का नाही लावलं?" आता काय सांगणार.

तर टायर. परवा पहिल्यांदा वाटलं एप्रिलच्या उन्हानं झालं. पण शोकेस सावलीत, आणि वितळलं फक्त टायर टेकतं तिथंच. मग शोधाशोध केली. टायर रबराचे नाहीतच, मऊ केलेल्या व्हिनाइलचे आहेत. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट रसायन घालतात, ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं आणि जिथं पॉलिस्टायरीनला टेकतं तिथं ते मऊ करत जातं. रिम पॉलिस्टायरीनची. सीडीचं कव्हरही पॉलिस्टायरीनचं! म्हणजे मी वाचवलेल्या स्टँडच्या पैशांतून टायरला दोन्हीकडून जेवण घातलं होतं.

आणि म्हणजे जुन्या रिम त्या बिचाऱ्यानं गोंदानं वितळवल्याच नव्हत्या. मी त्या पुट्टीनं भरून, रंगवून, तेच टायर परत चढवले होते. विकणाऱ्याला दिलेला एक तारा मागं घेतला. गाडीचे मात्र चारावरून दोन. साठ सालच्या इंजिनाचे बारकावे ओतणाऱ्या कंपनीला आपलाच टायर आपलीच रिम खातो हे कळत नसेल? सूचनापत्रात एक ओळ टाकली असती तरी पुरलं असतं.

इलाज उद्यमनगरात. खऱ्या गाडीची मागची रिम १६ इंची, म्हणजे इथं १६ मिलिमीटर आणि वर थोडं. ओळखीच्या लेथवाल्याकडं भंगारातला ॲल्युमिनियमचा तुकडा आणि माप घेऊन गेलो. तुकडा हातात घेऊन तो म्हणाला, "पाव्हणं, ही कुठल्या पंपाची पुली म्हणायची?" चहावर दोन रिम कातून दिल्या. धातूला ते रसायन काही करत नाही, आणि क्रोमपेक्षा त्या देखण्या दिसतात. पुढच्या बारीक चाकांना टायरच्या आत स्वयंपाकघरातल्या फॉइलची पट्टी गुंडाळली. गाडी आता काचेवर उभी आहे.

काल विकणाऱ्याला रिमचा फोटो पाठवला, माफी मागितली आणि ४०० रुपये परत करतो म्हटलं. त्याचं उत्तर आलं : "पैसे राहू देत. माझ्याकडं अजून तीन गाड्या आहेत, सगळ्यांच्या रिम तशाच झाल्यात. तीन जोड्या करून मिळतील का?" लेथवाल्याला विचारलं. तो म्हणतो, "चारशे रुपये जोडी. चहा फक्त तुमच्या गाडीला होता."