नॉइड लाइट संच: इंजेक्टर बदलण्याआधी हा लावून बघा

इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग. त्याला विजेचा सिग्नल मिळतोय का, हे दाखवणाऱ्या छोट्या दिव्यांचा हा संच. पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत विचारा. पेट्रोल एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेली) गाडी सेल मारूनही सुरू होत नसेल, तर निम्मं निदान यावरच होतं. इंजेक्टरचा कप्लर (वायरचा प्लग) काढा, त्यात बसणारा दिवा खोचा आणि दुसऱ्याला सेल मारायला सांगा. दिवा लुकलुकला तर ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, सिग्नल येतोय. मग इंजेक्टरचा रेझिस्टन्स मोजा. बहुतेक गाड्यांत 12 ते 16 ओहम मिळतो. तोही ठीक असेल तर रेलचं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचं) प्रेशर तपासा, साधारण 3 ते 4 बार हवं. त्याआधी इंजेक्टर बदलायला लावणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवणं.

दिवा पेटलाच नाही? फ्यूज, मेन रिले (मुख्य वीजपुरवठा चालू करणारा स्विच), क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा) बघा. उंदरांनी कुरतडलेली वायर तर सगळ्यात आधी. सलग पेटून राहिला तर वायर बॉडीला लागलीय किंवा ईसीयूमधलं इंजेक्टर चालू-बंद करणारं सर्किट (ड्रायव्हर) गेलंय. सेल मारणं लगेच थांबवा, सिलिंडरमध्ये पेट्रोल भरतं.

स्वस्त संचातले दिवे कप्लरमध्ये घट्ट बसतात, जोर लावला की आतली पिन पसरते. कॉमन रेल डिझेल किंवा डायरेक्ट इंजेक्शनच्या (थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या) गाडीला मात्र हा अजिबात लावू नका. तिथे इंजेक्टरला बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज जातं.