विमानप्रवास आणि रक्ताची गुठळी: केस-कंट्रोल अभ्यास की कोहॉर्ट?

लांबच्या विमानप्रवासामुळे पायाच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होते का, या एकाच प्रश्नावर नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांनी दोन वेगळ्या पद्धतींनी काम केले आहे: केस-कंट्रोल, म्हणजे आजार झालेल्यांची आणि न झालेल्यांची मागची माहिती ताडून पाहणे, आणि कोहॉर्ट, म्हणजे एका गटाचा काही काळ पाठपुरावा करून कोणाला आजार होतो ते मोजणे. विमानवैद्यक किंवा जनआरोग्य या विषयात प्रबंधाची आखणी करणाऱ्याने ही दोन्ही कामे शेजारी ठेवून वाचावीत.

2006 साली प्रसिद्ध झालेल्या केस-कंट्रोल अभ्यासात गुठळी झालेले 1,906 रुग्ण घेतले होते आणि तुलनेसाठी त्यांचेच जोडीदार निवडले होते. त्यामुळे वस्ती, राहणीमान आणि आर्थिक स्थिती यांतील फरक आपोआप कमी झाला. मात्र पती-पत्नी बहुधा एकत्रच प्रवास करतात आणि दोघेही गेले असतील तर त्या जोडीतून प्रवासाच्या परिणामाविषयी काहीच कळत नाही, ही या निवडीची किंमत होय. चार तासांहून अधिक प्रवासाने धोका सुमारे दुप्पट होतो, आणि बस, मोटार वा रेल्वेनेही तो जवळपास तेवढाच वाढतो, असे त्यात आढळले. फॅक्टर पाच लायडन हा जनुकीय दोष, स्थूलपणा, गर्भनिरोधक गोळ्या, 190 सेंटिमीटरपेक्षा जास्त उंची अशा घटकांची प्रवासाशी सांगड पडली की धोका आणखी वाढतो, हेही याच अभ्यासाने दाखवले. दुर्मीळ आजारात इतके बारकावे कोहॉर्टमधून काढायचे, तर माणसांची संख्या प्रचंड लागेल.

तरीही ‘नेमका किती जणांना?’ या प्रवाशाच्या साध्या प्रश्नाला केस-कंट्रोलकडे थेट उत्तर नसते. ते 2007 च्या कोहॉर्टने दिले. आंतरराष्ट्रीय कंपन्या व संस्थांतील 8,755 कर्मचाऱ्यांत 53 जणांना गुठळी झाली, त्यांपैकी 22 जणांना लांबच्या उड्डाणानंतर आठ आठवड्यांच्या आत. म्हणजे हजार व्यक्ती-वर्षांमागे (हजार माणसांना वर्षभर पाहिले तर) एरवीच्या 1.0 ऐवजी उड्डाणानंतरच्या काळात 3.2, किंवा चार तासांवरच्या दर 4,656 उड्डाणांमागे एक घटना. शिवाय उड्डाणांची माहिती कर्मचाऱ्यांच्या आठवणीवर न सोडता कार्यालयीन नोंदींतून घेतली होती, आणि माझ्या मते या अभ्यासाचे खरे बळ तिथेच आहे, कारण आजारी पडलेला माणूस आपला प्रवास इतरांपेक्षा जास्त बारकाईने आठवतो.

हाताशी दोन-तीन वर्षे आणि एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या नोंदी असतील, तर केस-कंट्रोलच घ्यावा. प्रवासाच्या नोंदी आधीपासून ठेवणारी मोठी संस्था सहकार्याला तयार असेल, तरच कोहॉर्टचा विचार करावा. वैद्यकीय तपासण्यांची कागदपत्रे तयार मिळतात म्हणून वैमानिकांचा कोहॉर्ट घेण्याचा मोह होतो, पण तो जपूनच. नेदरलँड्समधील 2,630 वैमानिकांच्या अभ्यासात धोका वाढलेला दिसला नाही. परंतु वारंवार तपासून निवडलेल्या, तंदुरुस्त माणसांवरचा हा निष्कर्ष सत्तरीतल्या प्रवाशाला लावता येत नाही.