केळीच्या भावाचं पेज हलवायचंय: सीएसएस, जेक्वेरी, अ‍ॅनिमे की जीसॅप?

रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याचं पेज करायला घेतलं होतं, काम एवढंच की सकाळी उघडलं की नवती, पिलबाग आणि वापसी या केळीच्या प्रकारांचे भाव एकामागून एक खालून वर यावेत, मेनू बाजूने सरकत यावा, आणि खाली बागेतल्या कटाईपासून ट्रक भरेपर्यंतची गोष्ट स्क्रोल करता करता उलगडावी. हे मी सीएसएस (पेजचं रंगरूप ठरवणारी भाषा) आणि जेक्वेरी, अ‍ॅनिमे, जीसॅप या तीन जावास्क्रिप्ट लायब्ररी (तयार कोडचे संच) अशा चारही प्रकारे करून पाहिलं, म्हणून आता कोणी विचारलं की भाऊ कोणती लायब्ररी घेऊ, तर मी आधी विचारतो की नेमकं काय हलवायचंय आणि बघणारा कुठे उभा राहून बघून राहिला. आपल्याकडे तो बहुतेक बांधावर असतो, हातात जुना स्वस्त फोन, डोक्यावर एप्रिलचं ऊन, रेंज येते नि जाते.

मेनूपुरतं बोलायचं तर लायब्ररी घेऊच नका. स्क्रिप्टने क्लास (मेनूला दिलेलं नाव) लावायचा-काढायचा, बाकीचं सीएसएसचं ट्रान्झिशन, म्हणजे एका रूपातून दुसऱ्यात हळूहळू जाणं, बघून घेतं. वजन काहीच वाढत नाही, आणि दुसरा फायदा त्याहून मोठा आहे: ट्रान्सफॉर्म (सरकवणं-फिरवणं) आणि ओपॅसिटी (पारदर्शकता) सीएसएसने हलवली की ब्राउझर ते काम बहुतेक वेळा मुख्य थ्रेडच्या, म्हणजे स्क्रिप्ट जिथे चालते त्या रांगेच्या, बाहेर करतो, म्हणजे स्क्रिप्ट भाव आणण्यात अडकली तरी मेनू अडखळत नाही. लायब्ररी साधारणपणे दर फ्रेमला स्क्रिप्टमधूनच आकडा बदलतात, त्यामुळे स्क्रिप्ट अडकली की हालचालही अडकते.

जेक्वेरी साइटवर आधीपासून असेल, जुन्या वर्डप्रेस थीमवर असतेच, तर एखादा डबा उघड-मीट करायला खुशाल वापरा. पण फक्त हलवण्यासाठी नव्याने आणू नका, दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) फाइलसुद्धा ३० केबीच्या आसपास जाते, आणि वजन वाचवायला स्लिम आवृत्ती घ्याल तर तिच्यात अ‍ॅनिमेट नसतंच. तिचं अ‍ॅनिमेट ट्रान्सफॉर्म सरळ हलवत नाही, रंगाला वेगळं प्लगिन (जोड-फाइल) लागतं, म्हणून लोक टॉप, लेफ्ट, हाइट हलवत बसतात आणि मग ब्राउझरला दर फ्रेमला पेजची मांडणी परत मोजावी लागते. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६ मिलिसेकंद येतात, स्वस्त फोन तिथेच धापा टाकतो. शिवाय माउस चारदा फिरवला की चारही हालचाली रांगेत लागतात, म्हणून आधी स्टॉप लावायला विसरू नका.

भावाच्या कार्डांना मात्र अ‍ॅनिमे एकदम बसलं. ज्युलियन गार्निए याने केलेली ही लायब्ररी, तिसरी आवृत्ती दाबून साधारण ७ केबी. स्टॅगर १०० दिलं की दर कार्ड आधीच्यापेक्षा १०० मिलिसेकंद उशिरा येतं, प्रत्येकाला वेगळा डिले लिहायची गरज नाही, आणि ट्रान्सलेट-रोटेट सरळ लिहिता येतं. दोन गोष्टी जपा. तिसऱ्या आवृत्तीत इझिंग (हालचालीचा वेग कसा कमी-जास्त व्हावा ते) दिलं नाही तर ती आपोआप इलॅस्टिक धरते, कार्ड उसळ्या मारत येतं, आणि भावाचा आकडा असा डुलला की माणसाला वाचताच येत नाही. दुसरं म्हणजे २०२५ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत लिहायची पद्धत बदलली, पूर्वी एकाच फंक्शनमध्ये टार्गेट्स आत द्यायचो, आता अ‍ॅनिमेट वेगळं मागवून टार्गेट पहिलं द्यायचं, इझिंगचंही ईज झालंय. जुना व्हिडिओ बघून नवी फाइल जोडाल तर काहीच हलणार नाही.

जीसॅप सगळ्यात ताकदवान, यात वाद नाही. मूळ फाइल दाबून २५ केबीच्या पुढेमागे, स्क्रोलबरोबर हालचाल चालवणारं स्क्रोलट्रिगर हे प्लगिन त्यावर वेगळं. टाइमलाइनमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ लावलेल्या हालचालींच्या क्रमात, घड कापला, धुतला, पेटीत गेला, ट्रक निघाला ही साखळी मागेपुढे सरकवता येते, त्या हातोटीची बाकी कुणाला सर नाही. पूर्वी काही प्लगिनला पैसे लागायचे, वेबफ्लोने ती कंपनी घेतल्यावर एप्रिल २०२५ पासून सगळी प्लगिन फुकट झाली. एक लक्षात ठेवा, इथे वेळ सेकंदात असतो. अ‍ॅनिमेमधलं ६०० मी तसंच इकडे उचललं आणि कार्ड हललंच नाही असं वाटलं, खरं तर ते दहा मिनिटं घेऊन वर येत होतं.

कोणतीही घ्या, पण भाव सीएसएसने आधीच लपवून ठेवून स्क्रिप्टच्या भरवशावर सोडू नका. रेंज गेली, लायब्ररी उतरलीच नाही, तर शेतकऱ्याला कोरं पेज दिसतं आणि तो फोन खिशात टाकतो. म्हणून मजकूर आधी दिसता ठेवायचा, लायब्ररी आल्यावरच लपवून हलवायचा. ज्याने फोनमध्ये हालचाल कमी करून ठेवलीय त्याचंही ऐकायचं, सीएसएसमध्ये एका मीडिया क्वेरीत (फोनची सेटिंग तपासणाऱ्या अटीत) होतं, जीसॅपला त्यासाठी मॅचमीडिया आहे, जेक्वेरीत एफएक्स बंद करता येतं, अ‍ॅनिमेच्या तिसऱ्या आवृत्तीत तपासणी आपण लिहायची.

शेवटी मेनू सीएसएसवर ठेवला, तीन कार्डांना अ‍ॅनिमे लावलं, आणि ट्रकची गोष्ट वेगळ्या पानावर नेली, जीसॅप फक्त तिथेच उतरतं. भावाच्या पानावर त्याचा भार नाही.