रास्पबेरी पायची स्क्रीन: इंचांआधी जोडणी बघा

रास्पबेरी पाय (पुढे नुसतं ‘पाय’) या छोट्या संगणकासाठी स्क्रीन शोधताना नजर आधी इंचांवर जाते. पण ती कोणत्या जोडणीवर चालते आणि चित्र किती वेळा बदलायचं आहे, हे ठरलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

तापमान किंवा आयपी पत्ता दाखवायला ०.९६ इंची ओएलईडी (स्वतः उजळणाऱ्या पिक्सेलांची स्क्रीन) पुरते: १२८ × ६४ पिक्सेल, आय-टू-सी या साध्या जोडणीच्या चार वायरी. मराठी मजकुराला मात्रा-उकारांसकट ओळीमागे साधारण १६ पिक्सेल धरा, म्हणजे फार तर चार ओळी. पायथनमध्ये चित्रं तयार करणाऱ्या पिलोला अक्षरांची मांडणी करणारी राक्म लायब्ररी मिळाली नाही, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर उमटते आणि जोडाक्षरं फुटतात.

सर्वाधिक फसगत होते ती ३.५ इंची एसपीआय (एकामागून एक बिट पाठवणारी जोडणी) स्क्रीन घेताना. ४८० × ३२० पिक्सेल गुणिले १६ बिट म्हणजे एका चित्राला सुमारे २४.६ लाख बिट. १६ मेगाहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १.६ कोटी बिटांच्या वेगाने, सेकंदाला जेमतेम सहा चित्रं जातात. बटणं, आकडे ठीक; व्हिडिओ विसरा. शिवाय बऱ्याच मॉडेलांसोबतची ड्रायव्हर स्क्रिप्ट जुन्या ओएससाठी (ऑपरेटिंग सिस्टिमसाठी) लिहिलेली असते. पायच्या ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून सेटिंगची कॉन्फिग फाइल बूटमधल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली, ग्राफिक्सची पद्धतही बदलली. दिवा लागला पण स्क्रीन पांढरीच राहिली, तर आधी ड्रायव्हर तपासा.

टच हवा आणि हाताशी पाय ४ किंवा ५ असेल, तर आमची पसंती डीएसआयला, म्हणजे बोर्डावरच्या खास स्क्रीनसाठीच्या जोडणीला. अधिकृत टच डिस्प्ले २ (२०२४) ७२० × १२८० चा आणि मुळात उभा आहे; आडवा हवा तर सेटिंगमध्ये फिरवावा लागतो. पाय ४ ला १५ पिनांची चपटी केबल, पाय ५ ला २२ पिनांची. झीरो या पायच्या छोट्या मॉडेलवर डीएसआय नाहीच.

एचडीएमआयला बहुधा ड्रायव्हर लागत नाही, पण टचसाठी वेगळी यूएसबी वायर लागते. पाय ४-५ ला मायक्रो, झीरोला मिनी एचडीएमआय. पाय ५ ला ५ अँपिअरऐवजी ३ अँपिअरचा अडॅप्टर लावला, तर सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच मिळतात. यूएसबीच्या विजेवर चालणारी स्क्रीन लुकलुकते किंवा बंद पडते. तिला वेगळा पुरवठा द्या.

दिवसातून चार-पाचदाच बदलणाऱ्या मजकुराला, म्हणजे तिथी, हवामान, कामांची यादी यांना, ई-पेपर, म्हणजे कागदासारखी दिसणारी स्क्रीन, उत्तम. वीज गेली तरी अक्षरं तशीच राहतात. पूर्ण चित्र बदलायला काही सेकंद लागतात आणि तेवढा वेळ पडदा काळा-पांढरा होत राहतो. प्रत्येक बदलानंतर पॅनेल स्लीपमध्ये टाकणारी ओळ प्रोग्राममध्ये हवीच, कारण जास्त व्होल्टेजवर तसंच राहिलेलं पॅनेल कायमचं बिघडू शकतं.